घरकुलाच्या बांधकामाचा दर्जा नेमका कोणी आणि केव्हा तपासायचा?

पूर्णाकाठ, जि. परभणी

नमस्कार. माझ्या आईच्या नावावर प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधून घरकुल मंजूर झाले असून पहिला हप्ता गेल्या आठवड्यात तिच्या बँक खात्यावर जमा झाला आहे. जुने मातीचे घर उतरवून त्याच जागेवर नवे बांधायचे आहे. मी चाकणला कंपनीत नोकरीला आहे, महिन्यातून दोनदाच गावी जाणे होते आणि बांधकामातले मला फारसे कळत नाही, म्हणून येथील जाणकारांना सविस्तर विचारत आहे.

आमची गावठाणाची जमीन अस्सल काळी आहे. शेजारच्या काकूंचे घरकुल तीन वर्षांपूर्वी याच योजनेतून झाले. प्रत्येक टप्प्याचे फोटो वेळेवर गेले, सगळे हप्ते मिळाले आणि कागदोपत्री घर पूर्ण झाले. आज त्या घराच्या पुढच्या खिडकीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघून छतापर्यंत गेल्या आहेत. आषाढात पुढचे दार चौकटीत इतके घट्ट बसते की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, आणि चैत्रात चौकट व भिंत यांच्या फटीत रुपयाचे नाणे सहज जाते. दार लोखंडी आहे, त्यामुळे लाकूड फुगल्याचा प्रश्नच नाही. काकूंनी तीन ठिकाणी विचारणा केली, परंतु हे काम नेमके कोणाचे चुकले, हे त्यांना कोणीही सांगू शकले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. अशा घराच्या दर्जाची जबाबदारी कोणाची असते? आमच्यासारख्या कुटुंबाला प्रयोगशाळेशिवाय काय काय तपासता येईल? गावात सगळे म्हणतात की पिलर उभे केले की घर पक्के होते. एका मजल्याच्या लहान घराला ते खरोखर आवश्यक आहेत का?

निवृत्त शाखा अभियंता, सातारा

आपला पहिला प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर ऐकायला बरे वाटणारे नाही. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना होऊन १ एप्रिल २०१६ पासून ही योजना आली, तेव्हा त्यात एक तत्त्व स्पष्टपणे ठेवलेले आहे, ते म्हणजे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आणि त्यात ठेकेदार आणायचा नाही. हे तत्त्व मला मनापासून पटते, कारण ज्याला त्या छताखाली झोपायचे आहे त्याच्याइतकी काळजी दुसरे कोणी घेत नाही. मात्र त्याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. ठेक्याच्या सरकारी कामात मोजमाप पुस्तिका असते, साहित्याचे चाचणी अहवाल असतात, ठेकेदाराची अनामत रक्कम अडकलेली असते आणि दोषदायित्वाचा, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करण्याचा, कालावधी ठरलेला असतो. घरकुलात मालक आणि बांधणारा एकच असल्यामुळे यांतले काहीही नसते. म्हणून काकूंच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी सापडले नाही.

शासनाच्या बाजूने तपासणीच नाही, असे मात्र नाही. प्रत्येक टप्प्यावर अक्षांश-रेखांशासह फोटो घेतला जातो आणि त्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. त्याशिवाय तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक टप्प्यावर शक्यतो १० टक्के आणि जिल्हा पातळीवरच्यांनी २ टक्के घरे पाहावीत, असे मार्गदर्शक सूचनांत आहे. उरलेल्या घरांत फोटो हाच काय तो पुरावा. जोते जमिनीच्या वर आले, हे फोटोत दिसते; ते जमिनीच्या खाली किती गेले आहे, हे त्यात दिसत नाही. छताचे काँक्रीट पडले, हे दिसते. त्यातली सळई वरून किती आत आहे आणि माल मिसळताना किती पाणी घातले, हे दिसत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की जे काम झाकले जाणार आहे, ते झाकण्याच्या आदल्या दिवशी पाहावे. पायाचा खड्डा तळात काँक्रीट पडण्यापूर्वी, जोत्यातली भर फरशीआधी, आणि भिंतींवरून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांची व छताची सळई काँक्रीट ओतण्यापूर्वी. आपण महिन्यातून दोनदा येता, तर गवंड्याशी बोलून हेच दिवस आपल्या सुट्टीला जुळवून घ्या. त्याच तारखांना पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्यांनी यावे, असा साधा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. लेखी अर्ज असला की येणाऱ्यालाही आपले काम केवळ फोटोपुरते नाही, हे समजते.

आता काळ्या जमिनीविषयी, कारण काकूंच्या घराचे दुखणे जवळजवळ निश्चितपणे तेथेच आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खोल काळ्या जमिनीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाते, म्हणूनच अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या लहान पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आणि तिची किमान लांबीही साडेतीन मीटरच धरली जाते. घरकुलाच्या रकमेत ती बहुधा बसणार नाही. आपण पहिल्यांदा घराच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर माणूस उभा राहील एवढे खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा. पाच-सहा फुटांत घट्ट मुरूम लागला, तर खर्च थोडा वाढला तरी पाया त्यावरच टेकवा. नाही लागला, तर चर रुंद खणून काळी माती बाहेर काढा आणि मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, धुमसाने ठोकून भरा. आत भिंतीच्या चौकोनात खणलेली तीच काळी माती परत टाकण्याची सवय सर्वत्र आहे. ती फुकट मिळते, हे खरे. परंतु तीच पुढे फरशी उचलते आणि भिंतीला बाहेर ढकलते. ती भर मुरमाचीच हवी. घर झाल्यावर भोवताली तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा करा, म्हणजे छताचे पाणी पायाशी मुरणार नाही. शेजारी असा पट्टा आहे का, न्हाणीचे पाणी कोठे जाते, हे एकदा पाहून या.

पिलरविषयी माझे मत गावाच्या विरुद्ध आहे. पंचवीस चौरस मीटरच्या एकमजली घराला चांगल्या विटांच्या भिंती आणि जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांची वरची कड) व छत या पातळ्यांवर सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे पुरेसे आहेत. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक ४३२६ हेच सांगते, आणि हेच पट्टे काळ्या जमिनीच्या हालचालीतही घराला दोरीसारखे बांधून ठेवतात. गावात नऊ इंची चौकोनी पिलरला १० मिलिमीटरच्या चार सळया घालतात. हिशेब केला, तर ते लोखंड पिलरच्या छेदाच्या ०.६ टक्के भरते, आणि काँक्रीटचे भारतीय मानक ४५६ किमान ०.८ टक्के मागते. चार सळया १२ मिलिमीटरच्या घातल्या, तर ते बसते. म्हणजे सगळा खर्च करून जो पिलर उभा राहतो, तो नियमाने पिलरच नसतो, आणि त्याच्या भरवशावर खालचे पट्टे गाळलेले असतात.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. छतासाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे प्रमाण धरले, तर ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही, आणि वाळू ओली असेल, तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे असते. मिश्रण सरसर पसरावे म्हणून मजूर पाइप धरून पाणी सोडतात, तेथे काँक्रीटची ताकद जाते. बादली मोजून द्या. छताच्या काँक्रीटमधून एकदा तीन ठोकळे काढून जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात २८ दिवसांनी दाबून घेता येतात. त्याची फी परवडत असेल, तर जरूर करा. परंतु ते छताचे काँक्रीट पडल्यानंतर कळते, बादली आधी कळते.

गवंडीकाम, औसा, जि. लातूर

साहेबांनी पट्ट्यांविषयी लिहिले, त्याला माझा मनापासून दुजोरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या भागात जो भूकंप झाला, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड त्यांत नव्हते, आणि वर धाब्याचे अवजड ओझे होते. भिंती जाड होत्या, म्हणून लोक त्यांना भक्कम समजत असत. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि बाकीच्या गावांत लोकांनी शासनाकडून टप्प्याटप्प्याने मिळालेल्या पैशांतून स्वतःची घरे दुरुस्त केली. त्या दुरुस्तीच्या कामावर मी माल कालवणारा म्हणून लागलो. तेथे आलेल्या अभियंत्यांनी चार भिंतींचा पट्टा कोपऱ्यात कसा वळवायचा, सळई कोपऱ्यावर न तोडता पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट कशी न्यायची, हे हाताला धरून शिकवले. आजही मी तसेच करतो. आपण सळई पाहायला जाल, तेव्हा कोपऱ्यात नीट पाहा. सरळ भागात सगळेच नीट बांधतात, कोपऱ्यात मात्र दोन तुकडे नुसते टेकवून ठेवलेले असतात. तसेच सळयांभोवती बांधलेल्या रिंगचे टोक आत वळलेले हवे. काटकोनात सोडलेली रिंग जोर आला की उघडते.

एका गोष्टीत मात्र मला साहेबांच्या सांगण्यात भर घालावीशी वाटते. गोणीला ३० लिटर पाण्याचा माल फावड्याने कालवून आणि गजाने टोचून छतात बसवता येत नाही. आम्ही पाणी वाढवतो ते आळसापोटी नव्हे, तर तो माल सळईखाली जात नाही आणि छताला खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके राहतात म्हणून. कोरडा माल हवा असेल, तर त्या दिवशी मिक्सर आणि व्हायब्रेटर पाहिजेच. एका घरकुलाला त्याचे भाडे जड जाते. आमच्याकडे तीन घरांनी छताचे काम लागोपाठच्या दिवसांत ठरवले, आणि एकाच भाड्याच्या फेरीत तिन्ही छते झाली. आपल्या गावात या वर्षी आणखी घरकुले मंजूर असतीलच, त्यांच्याशी बोलून पाहा.

दुसरे म्हणजे मजुरीचा विचार करा. बहुतेक ठिकाणी गवंड्याला चौरस फुटाच्या अंगावर काम दिले जाते. तशा कामात जो भराभर उरकतो त्याला परवडते, आणि विटा रात्रभर भिजवणारा, उभ्या सांध्यात माल भरणारा, थर ओळंब्याने तपासणारा मागे पडतो. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. गिलावा झाला की ते कोणालाही दिसत नाही. पाया, पट्टे आणि छत एवढे काम रोजंदारीने द्या आणि बाकीचे खुशाल अंगावर द्या. या योजनेतच गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे, ज्यात प्रत्यक्ष घरकुल बांधून शिकवले जाते. आपल्या तालुक्यात ते घेतलेले कोण आहेत, हे पंचायत समितीत विचारा. कागद पाहून काम देऊ नये, हे मलाही मान्य आहे. तरीही त्या माणसाने एक घर तरी कोणाच्या देखरेखीखाली बांधलेले असते.

बचतगट आणि ग्रामपंचायत सदस्य, जि. यवतमाळ

वरील दोन्ही उत्तरे बांधकामाची आहेत. मी पैसा, साहित्य आणि पाणी यांविषयी लिहिते, कारण आमच्या गावात दर्जा बिघडला तो प्रामुख्याने तेथे.

सपाट भागात घरकुलाला १,२०,००० रुपये मिळतात, त्यात रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये मिळवता येतात, आणि राज्याने २०२५ मध्ये आपल्या वाट्याचे आणखी ५०,००० रुपये देण्याचे ठरवले. ही रक्कम पुरते की नाही, हा वाद मोठा आहे. पण दर्जासाठी रकमेइतकाच महत्त्वाचा तिचा दिवस असतो. जोते झाले, फोटो गेला आणि पुढचा हप्ता यायला पावसाळा उजाडला, की उघडे जोते चार महिने पाणी पिते आणि बाहेर आलेल्या सळया गंजतात. मग कुटुंब घाईने उसने पैसे घेते, आणि उसन्या पैशांत पहिली कपात लोखंडात होते, कारण ते झाकले जाते. म्हणून माझा आग्रह असा असतो की पाया खणण्यापूर्वीच बँक खाते, आधार जोडणी आणि रोजगार हमीचे हजेरीपत्रक यांतली प्रत्येक अडचण सोडवून घ्यावी, आणि काम दिवाळीनंतर सुरू करावे.

साहित्य महाआवास अभियानात सुरू झालेल्या घरकुल मार्टमधून मिळत असेल, तर ते पाहा. आमचा गट ते चालवतो, आणि एकत्र खरेदीमुळे गोण्या ताज्या येतात. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी गोणी घेऊ नका आणि गोण्या भिंतीला चिकटवून, जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला. वाळू तपासायला मी काचेची बरणी वापरते. अर्धी बरणी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायची आणि तीन तास ठेवून द्यायची. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर बसतो. खाली दहा बोटे वाळू असेल आणि वरचा थर एका बोटाला पोहोचत असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. गेल्या वर्षी एका ट्रॅक्टरची वाळू मी याच बरणीने परत पाठवली. चालक चिडला होता, पण बरणी पाहिल्यावर त्याला बोलायला काही उरले नाही. घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे शासनाचे धोरण आहे, तिलाही हीच चाचणी लावा.

आता पाणी मारण्याविषयी. उन्हाळ्यात छत ओले ठेवण्याचे काम किमान दहा दिवस, आणि आज बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या फ्लाय ॲशच्या, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटसाठी चौदा दिवस चालले पाहिजे. आपण छतावर मातीचे वाफे करून दोन इंच पाणी साठवतो, म्हणजे पंचवीस चौरस मीटरच्या छताला एकदम सव्वा हजार लिटर लागतात, आणि उन्हात उडून जाणारे दोन-अडीचशे लिटर रोज वरून घालावे लागतात. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते, तेथे बाई दोन हंडे पिण्याला ठेवील की छताला घालील? आमच्याकडे एका विधवा बहिणीचे छत याच कारणाने तिसऱ्या दिवशी कोरडे पडले आणि पहिल्याच पावसात गळले. त्यानंतर आम्ही ग्रामसभेत ठराव केला की ज्या आठवड्यात कोणाच्या छताचे काँक्रीट पडेल, त्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा टँकर दोन खेपा त्या घराला देईल. एकही नवा रुपया न घालता गावाला करता येण्यासारखे हे काम आहे.

योजनेच्या नियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून निदान एकदा सामाजिक अंकेक्षण व्हायचे असते. त्यात सहसा पैसे मिळाले का, एवढेच विचारतात. आम्ही पाया किती खोल घेतला आणि छत किती दिवस भिजवले, हे दोन प्रश्न त्यात वाढवून घेतले आणि उत्तरे सर्वांसमोर वाचायला लावली. पुढच्या खेपेचे लाभार्थी ते ऐकत असतात, आणि त्यांच्या मनात ते राहते.

निवृत्त शाखा अभियंता, सातारा

गवंडीदादांची दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. पाण्याचे प्रमाण सांगताना त्याला लागणारे यंत्र सांगायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले. यंत्र मिळणे शक्यच नसेल, तर पाणी वाढवताना त्याच प्रमाणात सिमेंटही वाढवावे. नुसते पाणी वाढवू नये. सदस्यताईंच्या वाफ्यांबाबत एक सूचना आहे. पाण्याची फारच ओढ असेल, तर गोणपाटाचे दुहेरी थर अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद दाबावा. त्याला वाफ्यांपेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. आणि खालचे टेकू गवंड्याच्या पुढच्या कामासाठी पाचव्या दिवशी काढू देऊ नका. एवढ्या गाळ्याच्या छताला निदान सात दिवस ते राहिले पाहिजेत, थंडीत त्याहून जास्त.

पूर्णाकाठ, जि. परभणी

आपणा तिघांचा अत्यंत आभारी आहे. शनिवारी गावी जाऊन आलो. दोन कोपऱ्यांवर खड्डे घेतले. रस्त्याच्या बाजूला पाच फुटांवर पिवळा घट्ट मुरूम लागला. मागच्या बाजूला मात्र साडेसात फूट खणले तरी काळीच माती निघाली. काकूंकडे पाया किती खोल आहे, हे विचारले, तर त्यांच्या मुलाने कमरेला हात लावून दाखवला. न्हाणीचे पाणी पुढच्या खिडकीखालीच मुरते. अभियंत्यांच्या भेटीचा अर्ज देऊन पोच घेतली आहे, आणि वाळूची बरणी आईने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. गावात या वर्षी आणखी चार घरकुले आहेत, त्यांच्याशी मिक्सरविषयी बोलणे चालू आहे.

एक अडचण नवीन दिसली. मागच्या ज्या कोपऱ्यात मुरूम लागला नाही, तेथून सहा फुटांवर मोठा कडुनिंब आहे. घरासाठी तो तोडावा, असे गवंड्याचे म्हणणे आहे. आई नको म्हणते.

निवृत्त शाखा अभियंता, सातारा

आईंचे ऐका. मोठे झाड वर्षानुवर्षे तेथील काळ्या मातीतले पाणी ओढत असते. ते तोडले की ती माती पुढची काही वर्षे पाणी धरून फुगत राहते आणि नेमका तोच कोपरा वर उचलते. जागा असेल, तर संपूर्ण घर रस्त्याच्या बाजूला जितके सरकवता येईल तितके सरकवा. झाडाच्या उंचीइतके अंतर मिळाले तर उत्तम, नाहीतर निदान मागची भिंत मुरूम लागलेल्या पट्ट्याच्या जवळ येईल. सरकवण्यापूर्वी नव्या मागच्या रेषेवर आणखी एक खड्डा घेऊन पाहा आणि त्याची खोली येथे कळवा. उघडे खड्डे पावसापूर्वी मुरमाने ठोकून भरायला विसरू नका. मंजुरीच्या वेळी जागेचा फोटो ज्या ठिकाणाचा गेला आहे, त्यापासून घर सरकत असल्याचे अर्जात आधीच लिहून द्या, म्हणजे जोत्याच्या फोटोच्या वेळी हप्ता अडणार नाही.